चौदा तारखेच्या दोन बरण्या

...आणि वास म्हणजे काय साधासुधा वास? तुम्हाला सांगतो, वास नाकात जातो असं ज्यांना वाटतं ना, त्यांनी एकदा आमच्या घरी यावं! आमच्याकडचा वास आधी डोळ्यांत जातो, मग घशात, मग कपड्यांत, आणि सगळ्यात शेवटी, फावला वेळ मिळालाच तर, नाकात. माझं चष्म्याचं दुकान आहे. तीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय. परवा एक गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, मी भिंग घेऊन पुढे वाकलो, म्हटलं, ‘हं, आता खालची ओळ वाचा,’ तर म्हणतो कसा, ‘वाचतो हो, पण तुम्ही जरा मागे सरकता का?’ मागे सरकता का! तीस वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं! मी सरकलो. अजून सरकलो. शेवटी तोच म्हणाला, ‘तुम्ही दारातून विचारलंत तरी चालेल.’

आणि हे कशापायी? कुंडीभर टोमॅटोपायी! अहो, बाजारात भाजी मिळते हो! पिशवी घ्यायची, जायचं, आणायची, विषय संपला! कुणीतरी शेतात राबतं, कुणीतरी टेम्पो भरून आणतं, भाजीवाली सकाळपासून गळा फाडते, ते सगळं कशासाठी? मी माझ्याच घरात नाक मुठीत धरून बसावं म्हणून?

सुरुवात एका कुंडीनं झाली. सगळ्या व्यसनांची एकानंच होते. आमची ही टेलिफोनच्या ऑफिसात होती, बावीस वर्षं. ‘थांबा, जोडून देते... थांबा हं, जोडून देते...’ बावीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली बिचारीनं, तिला स्वतःला कुणी काही विचारलं नाही. निवृत्त झाली आणि महिनाभर खिडकीशी नुसती बसून राहिली. मला काळजी वाटायला लागली. म्हणून मीच... हो, मीच, या माझ्या दोन हातांनी... एक कुंडी आणि टोमॅटोचं एक रोप आणून दिलं. म्हटलं, जरा मन रमेल. रमलं हो! असं रमलं की आता परत यायचं नाव घेत नाही!

रोप आलं तशी शंका आली. ‘अहो, पान पिवळं पडलंय.’ म्हटलं, पडेल, पानच ते, कधी ना कधी पडायचंच. पण नाही! कुणीतरी सांगितलं, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर घरबागवाल्यांचं मंडळ भरतं, महिन्याच्या पहिल्या रविवारी, तिथे विचारा. ही गेली. मीही गेलो, पिशवी धरायला. तुम्हाला सांगतो, त्या खोलीत तीस माणसं होती आणि तिसांच्याही नखांत माती! एक दंतवैद्य होता, त्याच्यासुद्धा! माझी एक दाढ दुखत होती, ती त्या क्षणी थांबली.

ही उभी राहिली, घाबरत घाबरत म्हणाली, ‘माझ्या टोमॅटोचं पान पिवळं पडलंय.’ झालं! विचारायची खोटी! ‘पाणी जास्त होतंय!’ ‘छे, पाणी कमी पडतंय!’ ‘ऊन फार लागतंय.’ ‘ऊन मिळतच नाहीये त्याला!’ ‘गार चहा घाला.’ ‘चहा? मारायचंय का रोपाला? दूध घाला, दूध!’ कोपऱ्यातून एक जण अगदी हळू आवाजात विचारतो, ‘तुम्ही त्याच्याशी बोलता का?’ आता ही माझ्याशी दिवसातून चार वाक्यं बोलते, त्यातलं एक ‘पंखा बंद करा’ असतं आणि एक ‘ऐकू येत नाही का’... ती रोपाशी काय बोलणार? तर बोलायला लागली! सकाळी उठून, पदर सावरून, ‘काय रे, आज बरं वाटतंय का?’ मी तापानं फणफणलो होतो ना, तेव्हा मला थर्मामीटर तोंडात कोंबून गप्प केलं होतं!

त्या मंडळात एक आहेत टोमॅटोकाका. बँकेत कॅशियर होते, आता खिशात टोमॅटो घालून हिंडतात. हात मिळवायला खिशातून हात काढला की त्यात टोमॅटो असतो, तो आपल्या हातात येतो, आणि मग तो कुठे ठेवावा हे माणसाला कळत नाही. आणि बोलणं कसं? सुनांबद्दल बोलावं तसं! ‘थोरली यंदा जरा नाजूक आहे हो. मधलीचं बरं चाललंय. धाकटीला अजिबात दम नाही, आली की लगेच लाल.’ मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, काका, घरातलं असं चारचौघांत बोलू नये!

आणि सगळ्यांच्या वर मोठ्या ताई. मंडळाच्या अध्यक्ष. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्या उभ्या राहिल्या की पडलेला वेलसुद्धा ताठ होतो. ‘ऋतूचं ऐका! ऊन कललं की पालेभाजी पेरा! ऊन चढलं की वेल चढवा! आणि जाताना ऋतू जे देऊन जातो ते बरणीत धरून ठेवा!’ बरणीत धरून ठेवा! ऋतू म्हणजे काय काजवा आहे? पण सगळे लिहून घेतात. तीस वह्या, तीस पेनं, आणि तीस पेनांना माती.

मोठ्या ताईंचा एक नियम तुम्हाला सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून झालं. बरणीवर नाव लिहायचं नाही. फक्त तारीख. का? ‘नाव लिहिलं की माणूस नाव वाचतो, आत काय चाललंय ते बघत नाही! डोळे वापरा, नाक वापरा!’ टाळ्या! मंडळात टाळ्या, हिच्या डोळ्यांत भक्तिभाव, आणि मी बसलोय तिथे डोक्याला हात लावून. अहो, माझ्या दुकानात डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली वेगळी आणि काच पुसायच्या पाण्याची वेगळी. उद्या मी दोन्हीवर नुसती तारीख लिहिली तर? बघा वापरून डोळे! पण चष्मेवाल्याचं कोण ऐकतो?

घराची दशा काय सांगू... न्हाणीघरात एक बादली आहे. त्यात गांडुळं आहेत. आंघोळ करताना मी पाठ करून उभा राहतो, माझीच लाज, माझंच घर, आणि लाजतोय कुणाला तर गांडुळांना! स्वयंपाकघरात चिलटं आहेत. आधी दोन होती, आता मोजत नाही, तोंड मिटून वावरतो. ओट्याखाली एक डबा आहे त्यात काहीतरी पांढरं लवदार वाढतंय, मी विचारलं हे काय, तर म्हणाली, ‘बघू, अजून ठरलं नाही.’ अजून ठरलं नाही! त्याचं ठरेपर्यंत आपण त्याच्या शेजारी जेवायचं! शी शी शी... आणि बरण्या. काकडीच्या, कोबीच्या, मिरचीच्या, खारवलेल्या, आंबवलेल्या, मुरवलेल्या. त्या आंबतात तेव्हा आत हवा धरते, मग झाकण रोज जरा सैल करायचं. मंडळात त्याला म्हणतात ढेकर काढणं. एकदा ही बहिणीकडे गेली होती, आणि दुकानात गिऱ्हाईक समोर असताना फोन, ‘अहो, कोबीचा ढेकर काढलात का?’ मोठ्यानं! गिऱ्हाइकानं माझ्याकडे बघितलं. काय सांगणार? म्हटलं, नातवंड आहे.

अहो, बाजारात भाजी मिळते! ढेकर न देणारी भाजी मिळते! जुडी बांधून मिळते, वर थोडा आगाऊपणा केला तर कोथिंबीर फुकट मिळते!

पण तुम्हाला खरी गोष्ट सांगतो. इतकं सगळं करून हिच्या हाताला यश नाही. म्हणजे हातच असा! इतरांच्या गॅलरीत टोमॅटोला टोमॅटो लगडतात, आमच्याकडे येतात ते हिरवे येतात आणि हिरवेच म्हातारे होतात. दरवर्षी हंगाम सरताना मंडळाची चाखणी असते. प्रत्येकानं एक बरणी न्यायची, पावाच्या भाजलेल्या तुकड्यावर चमचाभर घालून सगळ्यांनी चाखायची, आणि मोठ्या ताई बोलतात. पहिल्या वर्षी हिच्या बरणीवर बुरशी निघाली. मोठ्या ताईंनी झाकण उघडलं, ‘हं’ म्हणाल्या आणि लावून टाकलं. दुसऱ्या वर्षी घेवड्याच्या शेंगा. दंतवैद्यानं एक तोंडात टाकली, चावायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, ‘याला दात लागत नाहीत.’ ही घरी आली. नळ सोडून भांडी घासत बसली, घासलेलीच परत घासली.

आणि तिथला नियम काय? लागोपाठ तीन चाखण्या फुकट गेल्या की मागची खुर्ची! म्हणजे मंडळात यायचं, पण मागच्या रांगेत बसायचं. बी मिळणार नाही, प्रश्न विचारायचा नाही, नुसतं ऐकायचं. आता तुम्ही म्हणाल, बरंच झालं, सुटलात! मलाही तसंच वाटायचं हो! पण एकदा दिवा घालवायच्या आधी ही भिंतीकडे तोंड करून म्हणाली, ‘बक्षीसबिक्षीस नको हो मला. एकदा कुणीतरी विचारावं, हे कसं केलंत. बस.’ बावीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिलेली बाई... मी पंखा बंद केला.

तर यंदा तिसरी चाखणी. हिनं ठरवलं, आपले टोमॅटो हिरवेच राहतात ना, मग हिरव्याचीच चटणी. चिरलं, उकळलं, व्हिनेगर, साखर, मिरच्या... तीन दिवस घरात खोकला. चिनी मातीची बरणी भरली. तारीख लिहिली, चौदा. आणि त्याच दिवशी, त्याच ओट्यावर, तसल्याच बरणीत, बाईसाहेबांनी झाडांचं खत घातलं! मंडळाचाच सल्ला. फळांच्या रसाच्या दुकानातून केळीच्या साली आणायच्या, पिशवी भरभरून... मी आणायच्या! दुकानदार विचारतो, ‘गाय आहे का घरी?’... त्या बारीक चिरायच्या, साखरेत मुरवायच्या, वर चहाचा चोथा, वर व्हिनेगरात भिजवलेली अंड्याची जाडीभरडी टरफलं. महिनाभर आंबवायचं आणि मग चमचाभर तांब्याभर पाण्यात कालवून झाडांना. तिच्यावरही तारीख, चौदा! म्हटलं, अगं, दोन्हीवर चौदाच? तर म्हणाली, ‘फळीच्या डावीकडे खायचं, उजवीकडे झाडांचं. सोपं तर आहे.’

महिनाभर त्या साली आंबल्या. आणि तो वास... मी मघाशी सांगितलं तो वास. ओल्या मोज्यात केळं ठेवून मोजा पेटीत घालून पेटीवर म्हातारा बसवावा, तसा! तर चाखणीच्या आदल्या दिवशी दुपारी ही बाहेर गेली होती, आणि माझा संयम सुटला. नाकात कापूस घातला, बाह्या सरसावल्या, फळी रिकामी केली, साबणानं घासली, पुसली, आणि सगळ्या बरण्या परत लावल्या. डावं-उजवं? अहो, माझं डोकं ठिकाणावर होतं का? मी ओट्यावर मांडल्या, मग उचलल्या आणि ठेवल्या. नाकात कापूस, डोळ्यांत पाणी, आणि वर काय, तर तारीख! चौदा! चौदा! आत्ता सांगा, चूक कुणाची? चष्मेवाल्याची की नियमाची?

सकाळी ही साडीच्या निऱ्या काढता काढता ओरडली, ‘अहो, डावीकडची चौदा तारखेची बरणी कागदात गुंडाळून पिशवीत घाला.’ मी डावीकडची घेतली. आज्ञाधारक माणूस! कागदात गुंडाळली, पिशवीत घातली. आणि तोंडाला कुलूप नाही ना माझ्या... दारात चप्पल घालताना म्हटलं, ‘आज एकदाची मागच्या खुर्चीवर बस, म्हणजे मला घरात श्वास घेता येईल.’ तिनं नुसतं बघितलं माझ्याकडे, आणि पिशवी माझ्या हातातून स्वतःकडे घेतली. मला तेव्हाच वाईट वाटलं. पण वाटून काय उपयोग, शब्द गेलेला असतो.

वाचनालयाची खोली. टेबलं लावलेली. बरण्या रांगेनं. प्रत्येक जण आपापल्या बरणीकडे अशा नजरेनं बघतोय की जणू मुलाचा निकाल आहे. मोठ्या ताई चमचा घेऊन निघाल्या. टोमॅटोकाकांची मधली पास झाली. दंतवैद्याच्या गाजराला ‘बरं’ मिळालं. आणि मग आमची. हिनं कागद सोडला, झाकण काढलं...

काळी!

तुम्हाला सांगतो, हिरवी चटणी नव्हती त्यात! काळीकुट्ट, चिकट, आणि आत टरफलांचे पांढरे तुकडे चमकतायत! ही बघतच राहिली. मग तिनं मान वर केली, सगळ्या खोलीतून बरोबर मला शोधलं, आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही हो! रागावली असती तर परवडलं असतं. ‘मुद्दाम केलंत?’ असं बघितलं. बत्तीस वर्षं संसार केला, असं कधी बघितलं नव्हतं तिनं! मी मान हलवतोय, हात हलवतोय, नाही, नाही म्हणून... शेजारचे म्हणतात, ‘चिलट आहे का?’

ही पुढे झाली, ‘ताई, एक मिनिट, ही बरणी...’ आणि मोठ्या ताईंनी हात वर केला. ‘जीभ बोलेपर्यंत तोंड बंद!’ तोही नियमच. चाखणी चालू असताना बरणीवाल्यानं बोलायचं नाही, सबबी सांगायच्या नाहीत. ‘अहो, पण ताई...’ ‘तोंड बंद!’ मी मागून ओरडलो, ‘ताई, ते खाऊ नका!’ तर तीस माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली आणि तीस तोंडांतून एकदम, ‘शूऽऽ!’ आणि तोपर्यंत चमचा आत बुडला होता.

पावाच्या तुकड्यावर लावलं. तोंडात टाकलं. आणि आवाज आला. कर्रऽऽ. टरफल! अंड्याचं टरफल, शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या दाढेखाली! मी डोळे मिटले. उजव्या हाताला खिडकी होती, मी मनात अंतर मोजलं. कर्र, कर्र, कर्र. मग आवाज थांबला. मी एक डोळा उघडला, तर मोठ्या ताई डोळे मिटून उभ्या. म्हटलं, गेल्या!

नाही. त्यांनी डोळे उघडले, आणि चमचा परत बरणीत घातला.

दुसरा चमचा! अहो, मोठ्या ताईंनी आजवर कुणाच्या बरणीतला दुसरा चमचा घेतला नव्हता! खोलीत कुजबूज. टोमॅटोकाका धावले. दंतवैद्य धावला. कर्र कर्र कर्र, जिकडेतिकडे कर्र, दाणे टाकल्यावर कोंबड्या जमाव्यात तसं मंडळ त्या बरणीभोवती! ‘आंबट आहे, पण गोडही आहे!’ ‘आणि मागाहून काहीतरी कडवट येतं, मजा येते!’ दंतवैद्य म्हणतो, ‘दात लागतात हो याला! चांगले लागतात!’ लोकांनो, तुम्ही झाडांचं खाताय! केळीच्या साली खाताय! उकिरडा खाताय, उकिरडा! पण हे सगळं मनातल्या मनात. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि ते भुकेचं नव्हतं.

आणि मग मोठ्या ताईंनी चमचा खाली ठेवला आणि हिच्याकडे वळून विचारलं, अगदी विद्यार्थ्यासारखं विचारलं, ‘बाई, हे कसं केलंत हो?’

आता बघा. आयुष्यभर ज्या एका प्रश्नाची वाट पाहिली तो आला, आणि आला तो कुठल्या बरणीवर? मी मनात म्हणतोय, अगं, सांग काहीही! म्हण वांगं आहे! म्हण आजीची कृती आहे! पण तिथे खरी कृतीच सांगावी लागते, लपवाछपवी करणाऱ्याला मंडळातूनच काढतात. आणि नियम नसता तरी हिला खोटं बोलता येत नाही, हा दोष लग्नाच्या वेळी आम्हाला सांगितला नव्हता. ती उभी राहिली. पदर मुठीत धरला. म्हणाली, ‘ताई, ही माझी चटणी नाही. चुकून आली. यात केळीच्या साली आहेत, चहाचा चोथा आहे, अंड्याची टरफलं आहेत. हे झाडांचं खत आहे.’

खालच्या मजल्यावर कुणीतरी पान उलटलं ते ऐकू आलं. टोमॅटोकाकांच्या तोंडात घास होता, तो तसाच राहिला, ना गिळता येतोय ना थुंकता. माझ्याकडे परत आलेली रिकामी पिशवी मी काखेला मारली. म्हटलं, आता मागची खुर्चीसुद्धा नाही, सरळ जिना! हिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला इथून, बिनचष्म्याचं दिसत होतं. आणि ते मी आणलं होतं.

मोठ्या ताईंनी बरणी उचलली. उजेडात धरली. हलवली. आणि म्हणाल्या, ‘टरफलं भाजून घेतली होती की कच्चीच?’

कच्चीच! तुम्हाला सांगतो, तीस वह्या उघडल्या! तीस पेनं! ‘साली पिकलेल्या की कच्च्या?’ ‘साखर आधी की मागाहून?’ ‘चोथा दुधाच्या चहाचा चालेल का?’ टोमॅटोकाकांनी तो अडकलेला घास गिळला, समाधानानं गिळला, आणि वर म्हणतात, ‘म्हणजे झाडाला आणि आपल्याला एकच ताट! काय विचार आहे!’ विचार? कुणी केला विचार? कुणाच्या नाकात कापूस होता? एकाही माणसाला शिसारी आली नाही हो! एकाही! सगळ्या खोलीत ओकारी आवरणारा मी एकटा! आणि ही सांगतेय, एकेकाकडे वळून सांगतेय, ‘थांबा हं, तुमचं आधी... हं, आता तुमचं...’ गाल लाल झालेले, आवाज मोकळा सुटलेला. मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला राग येत होता, किळस येत होती, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटत होतं.

बसमध्ये खिडकीशी बसली. मग म्हणाली, ‘खरं सांगा. मुद्दाम केलंत?’ मी म्हटलं, ‘अगं, मी मुद्दाम केलेलं काही आजवर इतकं चांगलं झालंय का?’ तिनं विचार केला. तिला पटलं. मग हसायला लागली, इतकी हसली की कंडक्टरनं वळून बघितलं. मी सकाळच्या बोलण्याबद्दल माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, ‘मिटा आता, चिलट जाईल.’

घरी आलो तर गॅलरीतली सगळी झाडं माना टाकून पडलेली. का? पहाटेच्या अंधारातच बाईसाहेबांनी उजवीकडच्या बरणीतलं खत घातलं होतं ना त्यांना! तांब्यातांब्यानं! हिरव्या टोमॅटोची चटणी, व्हिनेगर आणि मिरच्यांसकट! मंडळाला कळवलं, तर मोठ्या ताई म्हणतात, ‘झाडं विसाव्याला गेली आहेत.’ विसाव्याला! मंडळाच्या तिसांनाही मी दुसऱ्या दिवशी फोन केले, जिवंत आहात का म्हणून. सगळे जिवंत. टोमॅटोकाका तर सकाळपासून किती हलकं वाटतंय ते तपशीलवार सांगायला लागले, मी फोन ठेवला.

अहो, बाजारात भाजी मिळते! पण आता कुणाला सांगता? आता आमच्याकडे बाजारच भरतो. तीस बरण्या हव्यात, हंगाम संपायच्या आत! आणि मोठ्या ताईंनी सुधारणा सुचवली आहे. रसाच्या दुकानातल्या साली नकोत, कुणाकुणाचे हात लागलेले असतात. घरात खाल्लेल्या फळाचीच साल हवी. घरात माणसं किती? दोन. हिला केळ्यानं सर्दी होते. उरलं कोण? मोजा तुम्हीच! सकाळी दोन, दुकानात तीन, घरी आल्यावर तीन. गिऱ्हाईक समोर बसलेलं, मी एका हातात भिंग, एका हातात केळं... आणि साल टाकायची नाही, डब्यात घालून परत आणायची, ती मोजून घेते!

आणि कृती छापून आली. मंडळाचं हंगामाचं पत्रक निघतं, त्यात पहिल्या पानावर, वर हिचं नाव ठळक अक्षरात. तिनं ते चौकट करून भिंतीवर लावलंय, माझ्या दृष्टितपासणीच्या तक्त्यासारखं, येताजाता वाचते. मी काल पहिल्यांदा जवळ जाऊन नीट वाचलं, चष्मा लावून वाचलं. साहित्य बरोबर आहे. मग खाली कृती. एक : नवऱ्याला रोज आठ केळी खायला द्यावीत. दोन : तो बोलत राहतो. बोलू द्यावे.